दुसरा कुकारा

आमच्या घरात भूत मानत नाहीत.

देव्हाराच नाही, तिथे भुताला कोनाडा कुठून मिळणार? आमच्या आईने आम्हा बहिणींना कधी काळोखाची भीती घातली नाही. विंचवाची घातली. त्यामुळे हे लिहायला बसले तेव्हा आधी मलाच माझं हसू आलं.

पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या भाचीच्या बाबतीत घडलंय. अर्धं पोलिसांच्या दप्तरात आहे. उरलेलं अर्धं दप्तरात बसणारं नव्हतं, ते तिने मला सांगितलं. तिला विचारूनच इथे लिहितेय.

गावाचं नाव बदललंय. भेंडकोंड म्हणूया. रत्नागिरीतून निघालं, मिरजोळ्याची एमआयडीसी मागे पडली, की एक रस्ता आत वळतो. मग चढण. मग नुसता कातळ आणि काजूच्या बागा. मागच्या मार्चमधली गोष्ट. काजूचा हंगाम होता.

आणि वेळ तिन्हीसांजेची.

मध्यरात्र वगैरे नव्हती. दिवे लावायची वेळ. घरात कुकरची शिट्टी होते, ती.

माझी भाची दीक्षा. आमच्या खानदानातली पहिली फौजदार. नाशिकचं ट्रेनिंग संपवून आली, रत्नागिरीतच नेमणूक मिळाली, आणि सहा महिने चोरीच्या मोटारसायकली शोधण्यात गेले. मग एका रविवारी सकाळी तिचा फोन आला.

"मावशी, मला मर्डर मिळाला."

दुसऱ्या घरची मुलगी लग्न ठरल्याचं सांगते, त्या आवाजात. मी म्हटलं, आधी काहीतरी खाऊन जा.

भेंडकोंडात एक जुनी चिरेखाण आहे. जांभा दगडाचे चिरे कापून काढले की मागे चौकोनी खड्डा उरतो. भिंती अगदी घराच्या भिंतींसारख्या सरळ. खाण बंद पडून जमाना झाला. कडेने काजू वाढलेत, तळात एका कोपऱ्यात वर्षभर हिरवं पाणी.

त्या तळात काशीराम पडला होता. सत्तरीचा म्हातारा. डोक्याच्या मागे मार, आणि वर कडेला रक्त लागलेला चिऱ्याचा तुकडा. डॉक्टर म्हणाले, लगेच गेलेला नाही. बराच वेळ जिवंत होता.

बराच वेळ. दीक्षाला तो शब्द टोचला.

संशयित शोधावाच लागला नाही. काशीरामचा पुतण्या विनोद, मुंबईतली नोकरी सोडून गावी परतलेला. त्याला खाण बुजवून काजू लावायचे होते. काशीराम खाणीला हात लावू देत नव्हता. कारणही सांगत नव्हता. खुनाच्या आदल्या दिवशी दोघांची वाडीसमोर जुंपली, तेव्हा विनोद बोलून गेला होता, "याच खड्ड्यात गाडीन तुला."

झालं. दुपारपर्यंत दीक्षाने स्वतः त्याला अटक केली. जीपमध्ये बसताना तो एवढंच म्हणाला, "मॅडम, बोललो ते खरं. केलेलं नाय."

त्याची बायको अक्षया. सातवा महिना. रोज पहिल्या एसटीने यायची, डबा घेऊन पोलीस स्टेशनच्या पायरीवर बसायची. रडायची नाही, भांडायची नाही. दीक्षा आत जाताना पाय आखडून घ्यायची, बाहेर येताना पुन्हा आखडून घ्यायची. बस.

मोठे साहेब खूश होते. "पहिलीच केस आणि सरळ केस. नशीब काढलंत मॅडम." गुरुवारी पोलीस कोठडी संपून विनोदला पुन्हा कोर्टात उभं करायचं होतं, आणि त्याआधी साहेबांना त्याची कबुली हवी होती. ती कशी काढायची हे दोन हवालदारांना चांगलं माहीत होतं.

दीक्षाचं जेवणावरचं लक्ष उडालं. सोमवारी रात्री माझ्याकडे आली तर भात चिवडत बसली. म्हणाली, "मावशी, तो नाही वाटत मला. पण वाटणं म्हणजे काय पुरावा?"

मंगळवारी ती जबाब घ्यायला पुन्हा वाडीत गेली. घरोघर, एकेकाला वेगळं बसवून. आणि एकेकाने, कुणाशी न बोलता, तेच सांगितलं.

त्या शनिवारी, दिवे लावायच्या वेळी, खाणीच्या बाजूने एक कुकारा आला होता.

शहरातल्यांसाठी सांगते. डोंगरउतारावर घरं लांब लांब असतात. तिथे नाव घेऊन हाक पोचत नाही. मग तोंडाशी हात धरून 'कूऽऽ' असा लांब आवाज काढतात. तोच कुकारा. समोरचा 'ओऽऽ' देतो, मग काय ते बोलणं.

"पुरुषाचा होता की बाईचा?" दीक्षाने विचारलं.

बाईचा. सगळ्यांनी सांगितलं, बाईचा.

"मग गेलं कोण बघायला?"

कुणी नाही.

दारं लावून घेतली होती. मुलांना आत ओढलं होतं. टीव्हीचा आवाज वाढवला होता एकाने.

दीक्षा भडकली. खाली माणूस जिवंत होता, कुणी गेलं असतं तर कदाचित वाचला असता. तेव्हा धोंडू म्हणून वाडीतला एक वयस्क माणूस होता, तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, पयल्या कुकाऱ्याला ओ देत नाय आमी. दिवेलागणीला तर नायच. माणूस असला तर तो दुसरा घालतो. ते जे असतात... ते एकच घालतात."

"आणि माणूसच असला, पण दुसरा घालायला जमलं नाही तर?"

धोंडूने पंच्याने तोंड पुसलं.

बोलली ती शेजारच्या ओट्यावरची म्हातारी. कमलाबाई. काजूच्या बिया वाळत घालत होती.

"असा एकदा झालाय, बाय."

ओट्यावरची दोन माणसं उठून गेली. कमलाबाई बिया पसरत राहिली आणि सांगत राहिली. चाळीसेक वर्षं झाली असतील. काशीरामच्या थोरल्या भावाची पहिली बायको गंगा. नवरा मुंबईला, ही इथे. कमलाबाईची मैत्रीण. गवताला बरोबर, पाण्याला बरोबर. एका तिन्हीसांजेला खाणीकडून एक कुकारा आला. वाडीने दारं लावली. सकाळी गंगा खाणीच्या तळात सापडली. गवत कापताना पाय घसरला, असं लिहून पोलीस गेले. नवऱ्याने दुसरं लग्न केलं, विनोद त्या दुसरीचा.

"आवाज ओळखला होतात तुम्ही?" दीक्षाने विचारलं.

"ओळखला होता."

"मग?"

"दुसऱ्याची वाट बघितली," कमलाबाई म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.

दीक्षाने साहेबांना सांगितलं, खुनाच्या वेळी खाणीजवळ बाई होती, सात साक्षीदार आहेत. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. बायका संध्याकाळी गुरांना हाका मारतात, म्हणाले. आणि भुताला समन्स काढायचं असेल तर पत्ता काय घालणार, असंही म्हणाले. बाहेरचे दोघे हसले. गुरुवारच्या आत कबुली पाहिजे, एवढं मात्र न हसता सांगितलं.

म्हणून बुधवारी संध्याकाळी ती खाणीवर गेली.

साधी गोष्ट तपासायची होती. तळातून घातलेला आवाज वाडीपर्यंत पोचतो की नाही. नसेल पोचत, तर ती बाई वर कडेला होती. बरोबर अनिलदादा. नाटे गावचा माणूस, हवालदार, बाप-आजा दर्यावर मासेमारी केलेले. तिच्यापेक्षा वयाने मोठा, पण तिला मॅडम म्हणायचा आणि मनापासून म्हणायचा. "माझा विश्वास बिश्वास काय नाय, मॅडम," चढण चढताना म्हणाला. "फक्त उजेड आहे तोवर आटपूया."

उजेड होता. म्हणजे, होता म्हणण्यापुरता.

खाली वाडीत एकेक दिवा लागत होता. काजूच्या बोंडांचा आंबूस वास. रातकिडे सुरू झाले होते. कुठेतरी एक टिटवी.

दीक्षा खाणीच्या कडेला उभी राहिली. अनिलदादाला म्हणाली, तुम्ही वाडीत जाऊन उभे राहा, मी खाली उतरून हाक...

ती थांबली.

काहीतरी बदललं होतं. काय, ते आधी कळेना.

मग कळलं.

रातकिडे गप्प झाले होते.

टिटवीही.

पानाला वारा लागत होता, पान हलताना दिसत होतं... आवाज नव्हता.

आणि मग...

कूऽऽ.

खालून. तळातून. बाईचा.

मोठा नव्हता. दमलेल्या माणसाचा असतो तसा होता. शेवटाला किंचित वर चढवलेला, म्हणजे घातल्यावर कान देऊन ऐकणाऱ्याचा.

दीक्षाने टॉर्च मारला. तळ रिकामा. सरळ भिंती. कोपऱ्यातलं पाणी. पोलिसांनी बांधलेली पट्टी. पाण्यावर तरंग नाही.

अनिलदादाने तिचा हात धरला. साहेबाचा हात हवालदार धरत नाही. त्याने कोपरापाशी घट्ट धरला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, नको."

तिने खाली वाडीकडे बघितलं.

दारं लागत होती. वरून स्पष्ट दिसत होतं. उजेडाच्या चौकटी एकामागून एक बारीक होत होत्या... आणि मिटत होत्या.

दीक्षा मला म्हणाली, "मावशी, मला भीती नाही वाटली. राग आला. पायरीवरची अक्षया आठवली. म्हटलं, किती लोकांनी किती वेळ नुसतं ऐकून घ्यायचं?"

तिने तोंडाशी हात धरले.

ओऽऽ.

बस. एवढंच तिला आठवतं. ओ दिली.

त्यानंतर शांतता. आजारातून उठल्यावर डोकं रिकामं लागतं, तसं. घसा कोरडा पडलेला. अनिलदादाने हात सोडला नव्हता. टॉर्च कधीतरी तिच्या हातातून खाली पडला होता, गवतात उजेड लोळत होता.

किती वेळ गेला सांगता येत नाही. फार नसावा.

मग खाली वाडीतून कडी काढल्याचा आवाज आला.

मग दुसरी कडी.

मग दारं उघडायला लागली. एक, चार, सगळीच. बॅटऱ्या बाहेर आल्या. उजेडाचे ठिपके चढणीवर धावायला लागले. माणसं ओरडत होती, "आलो, आलो. घाबरू नको. आलो."

अख्खी वाडी येत होती.

धोंडूच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं. एका बाईने घोंगडी आणली होती. कुणी शिडी ओढत आणत होतं. आणि सगळ्यांच्या पुढे, अनवाणी, पदर खोचलेली कमलाबाई. त्या वयात ती चढण तिने कशी मारली, देव जाणे. देव मानत नाही मी, पण दुसरा शब्द सापडत नाही.

"कोण पडला?" धोंडू धापा टाकत म्हणाला. "कोण हाय खाली?"

"कुणी नाही. तुम्ही का आलात?"

धोंडू तिच्याकडे बघत राहिला. "दुसरा कुकारा आला ना, मॅडम."

दीक्षाने अनिलदादाकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

तिने दुसरा कुकारा ऐकलाच नव्हता.

कमलाबाई कुणाशीच बोलली नाही. ती खाणीच्या कडेला जाऊन बसली, पाय आत सोडून, ओट्यावर बसावं तशी. खाली बघून म्हणाली, "आलो गो, गंगे. बघ. सगळी आलो."

एकेकाने बॅटरी खाली केली.

मग तिने दीक्षाला हाक मारली. "बाय, हकडे ये. विनोदला सोड. त्याचा कायएक नाय त्यात."

सगळ्यांसमक्ष सांगितलं तिने. शनिवारी ती इथेच काजू गोळा करत होती. काशीराम आला. विनोदशी भांडण झाल्यापासून धुमसत होता. खाण बुजवतो म्हणे, आणि ती खाली आहे तिचं काय, असं बडबडत कमलाबाईजवळ टेकला. म्हातारपणी माणसं बोलायला लागतात, कुणासमोर बोलतोय याचं भान राहत नाही. गंगाने नवऱ्याला सांगायची धमकी दिली होती, तो गणपतीला आला की तुझे धंदे सांगते म्हणून. म्हणून काशीरामने इथेच ढकललं तिला. पडली, पण मेली नव्हती. कुकारा घातला तिने. तेव्हा हा खाली उतरला.

"मला म्हणतो," कमलाबाई सांगत होती, "'एका कुकाऱ्यावर आपल्यात कोण येत नाय, ते मला माहीत होता. दुसरा घालायला दिलाच नाय मी.' तोंड दाबून धरलान तिचा, बाय. आणि मी घरात, दाराला कान लावून. दुसरा घालील, मग जाईन. दुसरा घालील, मग जाईन."

हाताशी चिऱ्याचा तुकडा होता. पुढचं तिला कळलं नाही. कळलं तेव्हा काशीराम तळात होता आणि वर बघत होता.

"मग?" दीक्षाने विचारलं. तिचा स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"मग त्याने तोंड उघडलान." कमलाबाईने दीक्षाचं मनगट धरलं. "तोंड त्याचा होता. कुकारा गंगीचा."

कुणीतरी मागे हुंदका दिला.

"मी म्हटला, घाल दुसरा. दुसरा घाल, मी हाका मारून वाडी गोळा करते. बसून राहिले इथंच. नाय घातलान."

त्यानंतर रोज सकाळी ती धुतलेलं लुगडं नेसून पोलीस स्टेशनला जायला निघायची. अक्षया एसटीला जाताना दिसायची. ओट्यावरून पाय उचलायचा नाही. आज उचलला, म्हणाली.

विनोद गुरुवारी सुटला नाही, कागद फिरायला वेळ लागतो, पण त्याला कुणी बोट लावलं नाही आणि पुढल्या आठवड्यात तो घरी गेला. अक्षयाला मे महिन्यात मुलगी झाली. सानवी नाव ठेवलंय. कमलाबाई जामिनावर आहे, केस चालू आहे. दीक्षा महिन्यातून एकदा तिला औषधं नेऊन देते. फौजदाराने आरोपीला औषधं देऊ नयेत, हे मी तिला सांगून बघितलं.

कागदात लिहिलंय, 'आवाज ऐकून ग्रामस्थ घटनास्थळी जमले.' आवाज कुणाचा, ते लिहिलेलं नाही. साहेबांनीही विचारलं नाही. त्यांना गुन्हा उघडकीस आला यात आनंद.

दीक्षाला मात्र चैन नव्हतं. तिने वाडीत पुन्हा पुन्हा विचारलं. सगळ्यांनी दुसरा ऐकला होता. दारामागून, खिडकीतून, अगदी टीव्ही चालू असलेल्या घरातूनही. खाणीच्या कडेला उभ्या असलेल्या तिने तेवढा ऐकला नव्हता. अनिलदादाला विचारलं की तो म्हणायचा, "मला काय आठवत नाय, मॅडम." आणि विषय बदलायचा.

ऑगस्टमध्ये त्याची बदली झाली. स्टँडवर सोडायला दीक्षा गेली होती. गाडी लागली, सामान चढलं, आणि तेव्हा तो खिडकीतून म्हणाला, "मॅडम, एक सांगू? वाईट वाटून घेऊ नका."

"सांगा."

"तुम्ही ओ दिलीत. मग गप्प राहिलात. मग खाणीकडे पाठ केलीत आणि वाडीकडे तोंड." त्याने आजूबाजूला बघितलं. "दुसरा तुम्ही घातलात. मी हात धरला होता तुमचा. बर्फासारखा झाला होता."

दीक्षा शहरात वाढलेली. तिला कुकारा घालता येत नाही. कधीच येत नव्हता.

"माझा आवाज होता?" तिने विचारलं.

गाडी सुटली. त्याने हात केला, तो निरोपाचा की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन हे सगळं बोलली. मी म्हटलं, ताण येतो गो, माणूस काय काय करतो, लक्षात राहत नाही. तिने मान हलवली. तिला पटलं असावं. मला पटवायचं होतं, तेवढं मी पटवलं.

परवाचीच गोष्ट. दिवे लावायची वेळ. मी गच्चीवर कपडे काढत होते. खाली फाटकाशी दीक्षा आली, युनिफॉर्ममध्ये, वर बघत.

"मावशीऽ," तिने हाक मारली.

माझ्या भाचीचा आवाज मी हजार माणसांत ओळखीन. लहानपणापासून हीच हाक. मी ओ द्यायला तोंड उघडलं...

आणि दिली नाही.

हातातली चादर तशीच धरून उभी राहिले. ती खाली, मी वर. ती बघतेय, मी बघतेय.

पुन्हा मारेल हाक, म्हटलं. पुन्हा मारली की देते ओ.

तिने मारली नाही.

जरा वेळाने तिने फाटक लोटलं आणि जिना चढून वर आली. मी चहा टाकला. आलं किसून घातलं, तिला आवडतं तसं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, मी तिच्याकडे बघितलं नाही. दोघींनी चहा प्यायला.